वऱ्हाडातील स्थानिक स्वराज्य संस्था व शाश्वत विकास

आजच्या पिढीने आपल्या गरजा भागविताना पुढील पिढ्यांच्या वाट्याची जमीन, पाणी, वने व हवा यांचा क्षय होऊ देऊ नये, या तत्त्वावर आधारलेल्या विकासास शाश्वत विकास म्हणतात. ही संज्ञा १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे रूढ झाली. रिओ दे जानेरो येथे १९९२ मध्ये भरलेल्या वसुंधरा परिषदेने संमत केलेल्या ‘कार्यक्रमपत्रिका २१’ या दस्तऐवजातील अठ्ठाविसावे प्रकरण केवळ स्थानिक शासनांविषयी आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये सतरा शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली आणि भारतात पंचायती राज मंत्रालयाने ती ग्रामपातळीवर राबविण्यासाठी नऊ संकल्पनांमध्ये त्यांची मांडणी केली. जलसमृद्ध गाव, स्वच्छ व हरित गाव, आरोग्यदायी गाव, सुशासनयुक्त गाव इ. त्यांपैकी होत. संज्ञा नवी असली, तरी पाणवठे निर्मळ राखणे, पांदण रस्ते मोकळे ठेवणे, गुरचरणीची जमीन जपणे व साथीच्या रोगांस आळा घालणे ही कामे स्थानिक संस्थांकडे फार पूर्वीपासून आहेत. प्रस्तुत नोंदीत वऱ्हाडातील, विशेषेकरून अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर परिसरातील, या संस्थांच्या कार्याचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

परिसर : मूर्तिजापूर हे अकोला जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्याचे ठिकाण असून ते मुंबई–नागपूर लोहमार्गावरील स्थानक आहे. अचलपूर व यवतमाळ या दिशांना जाणारे अरुंदमापी लोहमार्ग येथे मिळत. ‘शकुंतला’ या नावाने लोकांस परिचित असलेली त्यांवरील प्रवासी वाहतूक आता बंद पडली आहे. नगराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सु. ४०,००० होती. तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यात मोडतो. उमा, काटेपूर्णा इ. नद्या दक्षिणेकडून येऊन पूर्णेस मिळतात. जमीन खोल, काळी व चिकण असून कापूस, तूर, सोयाबीन व ज्वारी ही येथील पिके होत. खोऱ्याच्या मध्यभागातून खारपाणपट्टा जातो. या पट्ट्यातील भूजल क्षारयुक्त असल्याने ते पिण्यास व बहुतांशी सिंचनासही निरुपयोगी ठरते. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील सु. ९०० गावे व सु. ४·७ लाख हेक्टर क्षेत्र त्यात येते. विहीर खोल नेली, तरी पाणी गोडे होत नाही. त्यामुळे अन्यत्र एका गावाने आपल्या शिवारात सोडविण्याजोगा असलेला पाण्याचा प्रश्न येथे अनेक गावांनी एकत्र येऊन व दूरच्या उद्‌भवावर विसंबूनच सोडवावा लागतो. या परिसरातील स्थानिक शासनाचे वैशिष्ट्य व त्याची अडचण या एका गोष्टीत सामावलेली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : वऱ्हाडात जमीन महसुलाची रयतवारी पद्धत होती. पाटील व पटवारी गावाचा कारभार पाहत. बलुतेदार आपापल्या हक्काच्या मोबदल्यात गावची कामे करीत. पाणवठा, गावठाण, पांदण व गुरचरण यांची देखभाल ही रूढीने ठरलेली सामायिक जबाबदारी होती. मात्र या व्यवस्थेस समतेचा आधार नव्हता. अस्पृश्य मानलेल्या जातींस सार्वजनिक विहिरीवर प्रवेश नसे आणि गावसफाईचा भार त्यांच्यावरच पडे. जुन्या ग्रामव्यवस्थेचा गौरव करताना ही बाब दृष्टीआड करता येत नाही.

वऱ्हाड १८५३ मध्ये ब्रिटिश प्रशासनाखाली आले, तरी त्यावरील निजामाचे नाममात्र स्वामित्व कायम होते. १८६० नंतरच्या दशकात आलेला लोहमार्ग व अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वाढलेली कापसाची मागणी यांमुळे येथील नगरे व्यापारी पेठा बनली. त्या काळी मूर्तिजापूर तालुक्यात मोडणाऱ्या कारंजा येथे १८८६ मध्ये देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला. पुढे १८९७ च्या कायद्याने वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांस समितीचे नियंत्रण लागू झाले. शेतमालाच्या व्यवहारास स्थानिक पातळीवर शिस्त लावण्याचा हा प्रयोग देशातील पुढील कायद्यांस मार्गदर्शक ठरला.

लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्यविषयक ठराव १८ मे १८८२ रोजी प्रसिद्ध झाला. त्यास अनुसरून वऱ्हाडात १८८५ मध्ये ग्रामीण मंडळांचा व १८८६ मध्ये नगरपालिकांचा कायदा करण्यात आला. जिल्ह्यास जिल्हा मंडळ व त्याच्या अधीन तालुका मंडळ, अशी रचना होती. रस्ते, प्राथमिक शाळा, दवाखाने व पाण्याची सोय ही त्यांची मुख्य कामे असून जमीन महसुलावरील उपकर हा उत्पन्नाचा प्रमुख मार्ग होता. मंडळांवर जिल्हाधिकाऱ्याचा वरचष्मा राहिला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतास जोडण्यात आले आणि १९०५ च्या पुनर्रचनेत मूर्तिजापूर तालुका अमरावती जिल्ह्यातून अकोला जिल्ह्यात गेला. १९२० च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने जिल्हा कौन्सिले अस्तित्वात आली व १९२२ मध्ये नगरपालिकांसाठी नवा कायदा झाला. त्यामुळे लोकनियुक्त प्रतिनिधींच्या हाती अधिक सत्ता आली.

या सत्तेचा सामाजिक उपयोग कसा करता येतो, याचे उदाहरण शेजारच्या अमरावती जिल्ह्यात पाहावयास मिळते. डॉ. पंजाबराव देशमुख हे १९२८ मध्ये तेथील जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकीर्दीत प्राथमिक शिक्षणाच्या प्रसारास चालना मिळाली व सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या करण्यात आल्या. पाणी पुरविणे आणि ते सर्वांस समानतेने मिळेल असे पाहणे, ही दोन्ही कर्तव्ये स्थानिक संस्थेची आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

जनपद योजना : स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत व वऱ्हाडात द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने १९४८ चा स्थानिक शासन अधिनियम संमत झाला. त्याने जिल्हा कौन्सिले विसर्जित करून प्रत्येक तालुक्यास जनपद सभा देण्यात आली. तालुका हा स्थानिक शासनाचा मुख्य घटक मानणे, ग्रामीण व नागरी भागांचे प्रतिनिधी एका सभेत आणणे आणि तालुक्याच्या महसुली प्रशासनाशी तिची सांगड घालणे, ही या योजनेची वैशिष्ट्ये होत. बाजारपेठ व तिच्यावर अवलंबून असलेली खेडी यांचा एकत्र विचार करणारी ही रचना वऱ्हाडच्या भूगोलास जुळणारी होती. तथापि उत्पन्नाची साधने अपुरी राहिल्याने जनपद सभांस सोपविलेली कामे पुरेशा प्रमाणात पार पाडता आली नाहीत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तरी जनपद सभा १९६२ पर्यंत टिकून होत्या.

पंचायत राज्याची स्थापना : बलवंतराय मेहता समितीच्या १९५७ च्या अहवालानंतर महाराष्ट्राने वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींनुसार जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ मध्ये संमत होऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्य करू लागल्या. ग्रामपंचायतींस १९५८ चा अधिनियम लागू झाला व नगरपरिषदांसाठी १९६५ मध्ये स्वतंत्र अधिनियम आला. सत्तेचे केंद्र या वेळी जिल्ह्याकडे गेले. पंचायत समिती हा तालुक्याचा घटक मुख्यतः अंमलबजावणीपुरता राहिला. प्राथमिक शिक्षण, आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते, पाणीपुरवठा व शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची लघुसिंचन कामे जिल्हा परिषदेकडे आली. याच काळात नगर व भोवतालची खेडी यांचे कारभार पुन्हा वेगळे झाले. आज मूर्तिजापूर नगराचा कारभार नगरपरिषदेकडे, तर तालुक्यातील खेड्यांचा कारभार ग्रामपंचायती, पंचायत समिती व अकोला जिल्हा परिषद यांच्याकडे आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजना विस्तारली व १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, विहिरी व रस्ते यांची असंख्य कामे तिच्यातून झाली. परंतु काम पूर्ण झाल्यावर त्याची निगा कोणी राखावयाची व त्यासाठी पैसा कोठून आणावयाचा, या प्रश्नाचे उत्तर बहुधा अनिर्णीत राहिले.

स्वच्छता : संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी, आजोळी गेले. हाती खराटा घेऊन प्रथम गाव झाडावयाचे व रात्री कीर्तनातून अज्ञान, व्यसने, कर्जबाजारीपणा व अस्पृश्यता यांवर प्रहार करावयाचा, ही त्यांची रीत होती. ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर त्यांनी घाट बांधविला. मूर्तिजापूर येथे धर्मशाळा व गोरक्षण संस्था त्यांच्या प्रेरणेने उभी राहिली. लोकवर्गणीतून उभारलेल्या वास्तूंवर त्यांनी स्वतःचा वा कुटुंबियांचा हक्क ठेवला नाही. त्या विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या आणि १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. वास्तू उभारण्याइतकीच तिच्या पुढील निगराणीची व्यवस्था महत्त्वाची आहे, हा विचार त्यामागे होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेनेही ग्रामनिर्माणाचा विचार वऱ्हाडात घरोघर नेला.

महाराष्ट्र शासनाने २०००–०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यात अनुदानाऐवजी गावागावांतील स्पर्धा, श्रमदान व लोकवर्गणी यांवर भर होता. पंचायत समितीपासून राज्यापर्यंत विविध स्तरांवर पारितोषिके देण्यात येत. ग्रामपंचायत ही केवळ दाखले देणारी व कर वसूल करणारी कचेरी नसून गावाला कामास लावणारी संस्था होऊ शकते, हे या अभियानाने दाखवून दिले. पुढे केंद्र शासनाच्या निर्मल ग्राम पुरस्कारांत महाराष्ट्राने आघाडी घेतली, त्यामागे ही पूर्वतयारी होती. तथापि पारितोषिक मिळाल्यानंतर अनेक गावांतील उत्साह ओसरला व काही ठिकाणी शौचालये पाण्याअभावी वापरात राहिली नाहीत. स्वच्छतेचा प्रश्न पाण्याच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, हा त्याचा बोध होय.

पाणी व खारपाणपट्टा : खारपाणपट्ट्यातील गावांसाठी प्रादेशिक नळपाणीपुरवठा योजना आखण्यात आल्या. वान धरणावरील अकोट परिसराची ८४ खेडी योजना व काटेपूर्णा धरणाच्या पाण्यावरील खांबोरा ६४ खेडी योजना या अकोला जिल्ह्यातील ठळक योजना होत. महान येथील काटेपूर्णा जलाशयातून अकोला व मूर्तिजापूर या नगरांसही पाणी दिले जाते. अशा योजनांत धरण, जलवाहिनी व शुद्धीकरण केंद्र यांची उभारणी राज्य शासन व महाराष्ट्र जीवन प्राधिकरण यांसारख्या संस्थांकडून होते. वितरण, वसुली व दुरुस्ती यांचा भार मात्र जिल्हा परिषद व ग्रामपंचायती यांवर येतो. वीजदेयक थकले, तर पंप थांबतो. जलवाहिनी फुटली, तर शेवटच्या टोकाचे गाव कोरडे राहते. पाणी नियमित येत नाही म्हणून ग्रामस्थ पाणीपट्टी भरत नाहीत आणि पाणीपट्टी येत नाही म्हणून दुरुस्ती रखडते. हे दुष्टचक्र प्रादेशिक योजनांत वारंवार अनुभवास येते.

उद्‌भव दूर असल्यामुळे दुसराही प्रश्न निर्माण होतो. बाळापूर तालुक्यातील ६९ गावांच्या योजनेस वान धरणाचे पाणी द्यावे, की ते तेल्हारा व अकोट भागांतील सिंचनासाठी राखावे, याविषयी तीव्र वाद झाला. योजनेस मिळालेल्या स्थगितीविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये अकोल्याहून नागपूरकडे मोर्चा निघाला व मोर्चेकऱ्यांनी खारे पाणी सोबत नेले. दोन्ही बाजूंची गरज खरी होती. अशा प्रसंगी पाण्याच्या वाटपाचा निर्णय राज्य शासनाच्या पातळीवर होतो. ज्या ग्रामपंचायतींना त्याचे परिणाम सोसावे लागतात, त्यांना त्या निर्णयात औपचारिक स्थान अल्प असते.

भूपृष्ठावरील पाणी जागच्या जागी साठविणे हा दुसरा मार्ग होय. मूर्तिजापूर तालुक्यात पूर्णा नदीवर घुंगशी येथे व उमा नदीवर रोहणा येथे बंधारे प्रकल्प हाती घेण्यात आले. चिकण काळ्या मातीत पाझर कमी असल्याने शेततळी या भागात उपयुक्त ठरतात. त्यांतील पाण्याने खरीप पिकास पावसाच्या खंडात एक-दोन संरक्षित पाळ्या देता येतात. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळप्रवण गावांबरोबर पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याच्या गावांचाही समावेश करण्यात आला. त्यात गावपातळीवरील समितीने पाण्याचा ताळेबंद मांडून आराखडा तयार करावा, अशी योजना होती. २०१९ पासूनच्या जल जीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट असून योजना चालविण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवर सोपविलेली आहे. घराघरांत नळजोडणी झाली, तरी तिच्या मागे शाश्वत उद्‌भव नसेल, तर उद्दिष्ट सफल होत नाही, हे खारपाणपट्ट्यात विशेषत्वाने जाणवते.

घटनात्मक दर्जा व वित्त : ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये अंमलात आल्या. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ व बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय नमूद आहेत. जमीन सुधारणा, जलव्यवस्थापन, सामाजिक वनीकरण, घनकचरा व्यवस्थापन, पर्यावरण संरक्षण इ. शाश्वत विकासाचे बहुतेक विषय त्यांत येतात. महिलांना प्रारंभी एकतृतीयांश व महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्या. पाण्याचा भार घरोघरी महिलाच वाहत असल्याने या तरतुदीस पाणीपुरवठ्याच्या संदर्भात विशेष अर्थ आहे. तथापि जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे राहिल्याने जिल्ह्याच्या नियोजनावर राज्य शासनाची पकड कायम आहे.

वित्ताची बाजू सर्वांत दुर्बल आहे. नगरपरिषदांचे प्रमुख उत्पन्न असलेली जकात १९९९ मध्ये रद्द झाली व त्या शासकीय अनुदानावर विसंबू लागल्या. चौदाव्या वित्त आयोगाने (२०१५–२०) ग्रामपंचायतींना थेट निधी दिला आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली ग्रामपंचायती आराखडे करू लागल्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात २०२१–२२ पासून अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांच्याशी बांधला गेला. हेतू योग्य असला, तरी गावाने स्वतः प्राधान्य ठरविण्याची मोकळीक त्यामुळे मर्यादित झाली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा करून त्यावर प्रक्रिया करण्याचे बंधन आले. छोट्या नगरपरिषदांना त्यासाठी यंत्रसामग्री मिळते. मनुष्यबळाचा व दुरुस्तीचा खर्च चालू ठेवणे त्यांना कठीण जाते. २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांच्या आधारे स्थानिक संस्थांचे मूल्यमापन होऊ लागले.

लोकप्रतिनिधित्वातही खंड पडला. मुदत संपलेल्या अनेक नगरपरिषदांच्या निवडणुका आरक्षणविषयक न्यायालयीन वादामुळे लांबल्या व २०२२ च्या सुमारास राज्यातील बहुसंख्य नागरी संस्थांचा कारभार प्रशासकांकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. या काळात योजना चालू राहिल्या. परंतु नागरिकांना जाब विचारता येईल असा निर्वाचित प्रतिनिधी नव्हता.

इतर अनुभव : अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ पासून ग्रामपंचायतीच्या नेतृत्वाखाली पाणलोट विकास, चराईबंदी, सिंचनासाठी विंधनविहिरींवर निर्बंध व दरवर्षी पाण्याचा ताळेबंद हे उपाय योजण्यात आले. पाणी अडविण्याइतकाच ते वापरण्याचा संयम तेथे महत्त्वाचा मानला गेला. अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर या गावास वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने उजाड टेकड्यांवर वृक्षलागवड व संरक्षण केले आणि सीताफळाच्या विक्रीतून रोजगार निर्माण केला. २०१४ मध्ये या गावास जैवविविधता पुरस्कार प्राप्त झाला. साधनसंपत्तीवरील हक्क व तिच्या रक्षणाची जबाबदारी एकाच संस्थेकडे असणे, हे या दोन्ही यशांचे समान कारण होय. मूर्तिजापूर परिसरात वने नाहीतच म्हणावी इतकी थोडी आहेत. परंतु ई-क्लास म्हणून नोंदलेल्या शासकीय जमिनी, पांदण रस्त्यांच्या कडा, नाले व गावतळी ही सामायिक संपत्ती अद्याप काही प्रमाणात शिल्लक आहे. अतिक्रमणापासून तिचे रक्षण हे येथील ग्रामपंचायतींचे महत्त्वाचे कार्य ठरते.

मूल्यमापन : वऱ्हाडात १८८५ पासून तालुका मंडळ, जिल्हा कौन्सिल, जनपद सभा व जिल्हा परिषद अशी रचना वारंवार बदलली. प्रत्येक रचनेत कर्तव्यांची यादी वाढली. कर बसविण्याचा व साधनसंपत्तीविषयी निर्णय घेण्याचा अधिकार मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. बांधकाम वरून मंजूर होणाऱ्या निधीतून होते आणि त्याची निगा खालच्या संस्थेच्या तुटपुंज्या उत्पन्नावर सोपविली जाते. शाश्वत विकासाचे मर्म मात्र निगा राखण्यातच आहे. खारपाणपट्ट्यासारख्या प्रदेशात एकटे गाव स्वयंपूर्ण होऊ शकत नाही आणि राज्य शासनास प्रत्येक नळाकडे लक्ष देता येत नाही. म्हणून एका जलाशयावर अवलंबून असलेली गावे व नगरे यांच्या निर्वाचित संस्थांनी एकत्र येऊन पाण्याचे वाटप, दर व दुरुस्ती ठरविण्याची आणि त्यासाठी नियमित निधीची तरतूद असण्याची आवश्यकता आहे. जनपद योजनेत नगर व खेडी यांना एकत्र आणण्याचा जो प्रयत्न झाला, तो अपुऱ्या साधनांमुळे फसला. त्यामागील विचार अद्याप कालबाह्य झालेला नाही.